‘ओळखतात का तुम्हाला?’ हा प्रश्न आधी थांबवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. स्मरणशक्ती टिकवण्यासाठी शब्दकोडी, अक्रोड-बदाम, प्राणायाम असं बरंच काही त्यात होतं. ज्या घरात आजार येऊन बसलाय त्या घराच्या वाट्याला मात्र शेवटची एक ओळ आली: ‘कुटुंबीयांनी परिस्थितीचा स्वीकार करावा.’ तो कसा करायचा, याबद्दल अवाक्षर नाही. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणं आणि त्यांच्या माणसांशी बोलणं हे आमचं रोजचं काम आहे, म्हणून त्या एका ओळीत काय काय दडलेलं असतं ते कळवतो. विशेषतः नवरा-बायकोंबद्दल. मुलं-सुना हातभार लावतात, पण रात्री दोन वाजता शेजारच्या खाटेवरून उठायला सत्तरीतली बायको किंवा पंचाहत्तरीतला नवराच असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. तेव्हा ही गोष्ट चार घरांपुरती उरलेली नाही.

स्वीकार एके दिवशी सकाळी मनात उगवतो, असं आम्ही तरी कुठल्या घरात पाहिलेलं नाही. तो कामांतून येतो, थोडाथोडा, आणि त्यातल्या बऱ्याच कामांना मुदत असते.

पहिलं काम निदान पक्कं करून घेण्याचं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यामुळे मेंदूवर साचलेलं रक्त, मेंदूत वाढलेलं पाणी, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि यातलं बरंच काही उपचारांनी सुधारतं. रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचं स्कॅन झाल्याशिवाय ‘वय झालं’ हे उत्तर घेऊ नका. डिमेन्शियाच असेल तर कोणता, हेही विचारा. सर्वाधिक प्रमाण अल्झायमरचं. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात माणूस बहुधा पायरी-पायरीने खालावतो. ‘ल्युई बॉडी’ प्रकारात सुरुवातीलाच नसलेली माणसं, जनावरं दिसतात आणि भास किंवा आरडाओरडा थांबवायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध अशा रुग्णाला फार महागात पडू शकतं. एवढं झालं, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेऊन झालं, की मात्र थांबावं. पाचवा डॉक्टर, जडीबुटी, कुणीतरी सांगितलेली महागडी तेलं यात पैसे जातात, आणि त्याहून मोलाचा वेळ जातो. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं काहींना काही काळ उपयोगी पडतात, पण आजार मागे फिरवत नाहीत. डोनेपेझिलने पोट बिघडतं, नाडी मंदावते, रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडतात. असं झालं तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

आता शीर्षकातला प्रश्न. भेटायला आलेला प्रत्येक जण दारातच विचारतो, ‘ओळखतात का तुम्हाला?’ मग खाटेजवळ वाकून, ‘काका, मी कोण सांगा बघू?’ घरची माणसंही हेच करतात. आज वार कोणता, नातवाचं नाव काय, सकाळी काय खाल्लंत. हेतू चांगला असतो; विचारत राहिलं की आठवण ताजी राहील असं वाटतं. पण ताजी आठवण साठवणारा मेंदूचा भागच या आजारात आधी झिजतो. जिथे काही साठलेलंच नाही तिथून उत्तर येणार कुठून? रुग्णाला फक्त एवढं कळतं की आपण पुन्हा नापास झालो. प्रसंग विसरला जातो, त्याने आलेली खिन्नता मात्र तासन्‌तास टिकते, आणि मग संध्याकाळी ताट भिरकावलं की घरच्यांना कारण सापडत नाही. त्यापेक्षा आपणच सांगावं: ‘अहो, मी सुनंदा. आत्ता चहा घेऊ, सुधीर आलाय भेटायला.’ नाव, नातं, पुढची गोष्ट एका दमात. आमच्या मते जोडीदाराने परीक्षा घेणं सोडलं की स्वीकार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

जे शाबूत आहे त्याचा मात्र भरपूर उपयोग करावा. जुनी, घोकलेली, हाताला लागलेली गोष्ट फार उशिरा जाते. सूनेचं नाव न सांगता येणारे आजोबा पावकी-निमकी धडाधड म्हणतात. आरतीला टाळ्या ठेक्यात पडतात. मटार सोलणं, लसूण सोलणं, टॉवेलच्या घड्या घालणं जमतं. घड्या वाकड्या पडल्या तर पडू द्याव्यात. त्यांच्यासमोर त्या पुन्हा सरळ करायला बसू नये.

कागदपत्रांचं काम लोकांना सर्वांत नकोसं वाटतं आणि त्याचीच मुदत सर्वांत कडक असते. निदान झाल्याबरोबर कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) करून ठेवलं की निर्धास्त, असा समज सर्रास दिसतो. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१नुसार लिहून देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. तेव्हा पहिल्या काही महिन्यांत, सही आणि समज दोन्ही शाबूत असताना, बँकेची खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा’ या पद्धतीची करून घ्यावीत. मुदतठेवींवरही तशीच नोंद हवी. शिवाय मुदतीआधी मोडण्याची सूचना वेगळी लिहून द्यावी, नाहीतर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. नामनिर्देशन तपासावं. मृत्युपत्र करायचं तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं ‘समजून-उमजून सही करण्यास सक्षम’ असं प्रमाणपत्र सोबत जोडावं. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढची भांडणं बघता केलेली बरी. गोव्यातल्या वाचकांनी आणखी घाई करावी. तिथल्या नागरी कायद्यानुसार बहुतेक विवाहांत मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते आणि घर-जमीन विकायला जोडीदाराची संमती लागते.

ही वेळ हुकलीच, तर उच्च न्यायालयात अर्ज करून रुग्णाचा पालक म्हणून नेमणूक मिळवण्याचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जोडीदारांना अशा नेमणुका दिल्या आहेत. पण त्यात वकील, वैद्यकीय अहवाल आणि बरेच महिने जातात. पेन्शनच्या खात्यासाठी एवढं लक्षात ठेवावं, की सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काउंटरवरचा मनुष्य ‘चालत नाही’ म्हणाला तर शाखाधिकाऱ्यांकडे जावं.

यानंतर येतो तो टप्पा पचवायला सर्वांत अवघड. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईकडे बघून नवरा म्हणतो, ‘या बाईला घरी पाठवा.’ किंवा बायको नवऱ्याला काका समजते, वडील समजते. हा प्रेम आटल्याचा पुरावा मुळीच नाही. आठवणी अलीकडून पलीकडे अशा पुसत जातात. त्यांच्या डोक्यातली बायको पंचविशीची आहे आणि समोर पांढऱ्या केसांची बाई उभी आहे. काही रुग्णांना तर ‘दिसते माझ्या बायकोसारखी, पण ही तोतया आहे’ अशी खात्रीच असते. इथे एक साधी गोष्ट उपयोगी पडते. पुष्कळदा चेहऱ्यापेक्षा आवाजाची ओळख जास्त टिकते. खोलीत शिरण्याआधी दाराबाहेरूनच नेहमीच्या सुरात बोलायला लागावं, ‘अहो, येतेय हं मी’, आणि बोलत बोलत आत यावं. तरी चिडले तर वाद न घालता बाहेर जाऊन दहा मिनिटांनी पुन्हा यावं. रात्री शेजारी झोपू देत नसतील तर खाट वेगळी करावी. तो निर्णय बायकांना फार लागतो, हे आम्हाला माहीत आहे. पण झोपमोड झालेल्या दोन माणसांपेक्षा दोन खाटा बऱ्या. आरशातल्या माणसाला घाबरत असतील तर आरशावर चादर टाकावी.

‘मला घरी जायचंय’ हे वाक्य दिवेलागणीला हमखास येतं. ‘अहो, हेच आपलं घर’ असं दहा वेळा सांगून उपयोग होत नाही; त्यांना हवं असलेलं घर बहुधा पाडलेला वाडा किंवा गावचं घर असतं, आणि त्या घरातलं निवांतपण. ‘जाऊ की, आधी चपला घालू’ म्हणावं, बिल्डिंगला एक फेरी मारावी, वाटेत त्या घराबद्दलच विचारावं, अंगणात काय होतं, विहीर किती खोल होती. परत आल्यावर बहुतेकांना घर सापडलेलं असतं. अंधारून यायच्या अर्धा तास आधी सगळे दिवे लावावेत, कारण सावल्या त्यांना माणसांसारख्या दिसतात. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. ‘आई कुठंय?’ असं विचारलं आणि आपण ‘त्या जाऊन तीस वर्षं झाली’ म्हणालो, तर त्यांच्यासाठी आई त्या क्षणी जाते. दर वेळी. त्याऐवजी आईच्या हातचं काय आवडायचं ते विचारावं. याला खोटं बोलणं म्हणणाऱ्यांशी आमचं पटत नाही.

चोरीचे आळ सहसा जोडीदारावर किंवा कामवाल्या बाईवर येतात. वस्तू तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देवघराच्या खणात सापडतात. चष्मा, पाकीट, किल्ल्या यांचा दुसरा जोड ठेवावा आणि ‘शोधू या दोघं’ म्हणत शोधावं. घराबाहेर पडण्याची सवय असेल तर दाराला नजरेच्या वर किंवा खाली वेगळी कडी बसवावी, पण माणूस आत एकटा असताना बाहेरून कुलूप लावू नये. कपड्यावर आतून फोन नंबर शिवावा, अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. हरवल्यास ११२ला लगेच कळवावं; चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही. रात्री गॅस रेग्युलेटरपाशी बंद करावा.

आंघोळीवर जरा सविस्तर लिहितो, कारण घरोघरी मारामारी इथेच होते. आपल्याकडे आंघोळ झाल्याशिवाय अन्न नाही, आणि रुग्ण तर बाथरूमच्या दारात पाय रोवून उभा. त्याला ओली चकचकीत फरशी खड्ड्यासारखी दिसते, पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड दिसतच नाही, डोक्यावरून आलेल्या पाण्याने जीव गुदमरतो, आणि कपडे उतरवणारं माणूस परकं वाटतं. म्हणून आधी बाथरूम गरम पाण्याने उबदार करावं, रबरी मॅट टाकावी, पाठ टेकता येईल अशी प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. खांद्यांवर पंचा राहू द्यावा आणि त्याच्या आडून अंग धुवावं. पाणी पायांपासून सुरू करावं, मग हात, मग पाठ. डोकं शेवटी, तेही वेगळ्या दिवशी धुतलं तरी चालतं. त्यांच्या हातात एक तांब्या द्यावा, हात गुंतला की ढकलाढकल कमी होते. प्रत्येक कृतीआधी सांगावं, ‘आता डावा हात हं.’ जन्मभर ज्या वेळी आंघोळ केली तीच वेळ पाळावी. आठवड्यातून दोन-तीन पूर्ण आंघोळी आणि बाकीचे दिवस कोमट पाण्याने पुसून घेणं पुरेसं आहे. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या मात्र रोज कोरड्या करायच्या. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घालावं, साडीऐवजी पुढून उघडणारा गाऊन. साडी सोडणं कित्येक वर्षांची सवय मोडणारं असतं, तेव्हा बाईला नीट समजावून, तिच्या आवडीच्या रंगाच्या कापडाचा गाऊन शिवावा.

नर्सिंग ब्युरोतून सांभाळायला बाई किंवा मामा (पुरुष मदतनीस) लावायची वेळ आली की जोडीदाराला आपण कर्तव्य टाकल्यासारखं वाटतं. बायकोची आंघोळ परक्या बाईने घालायची, हे कबूल करायला नवऱ्यांना वर्ष-वर्ष लागतं, आणि तोवर त्यांची स्वतःची कंबर गेलेली असते. पहिले आठ दिवस दोघांनी मिळून काम करावं, नवीन माणसाला ‘ही आपली मावशी’ म्हणून ओळख करून द्यावी, मग हळूहळू बाजूला व्हावं. जोडीदाराची बीपी-शुगरची तपासणी चुकली तर रुग्णाचंही काही खरं नाही.

एका ठिकाणी मात्र स्वीकार घातक ठरतो. डिमेन्शियात माणूस महिन्या-महिन्यांनी खालावतो. काल बरा चालणारा, बोलणारा माणूस आज एकदम गुंगीत गेला, भलतंच बडबडू लागला, ओळखेनासा झाला, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, छातीत कफ, घट्ट बद्धकोष्ठ, सोडियम उतरणं, डोक्याला लागलेला मार, पाणी कमी पडणं किंवा नवीन गोळी यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता दाट असते, आणि वयस्कर माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सर्दीच्या औषधातलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी म्हणून दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, या साध्या वाटणाऱ्या गोळ्याही गोंधळ वाढवतात. आरडाओरडा थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारावरच्या औषधांनी या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो; मृत्यूच्या धोक्याचा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांचा इशारा तर २००५ पासूनचा आहे. कधी कधी ती द्यावी लागतात. तेव्हा कमीत कमी मात्रा आणि ती कधी थांबवायची, हे आधीच विचारून घ्यावं.

शेवटच्या टप्प्यात गिळणं बिघडतं. पाणी, ताक, चहा यांनीच आधी ठसका लागतो. पातळ आमटीत सुटा भात हा प्रकार सगळ्यांत वाईट, कारण तोंडात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. चुरमुरे, चिवडा, कोरडे पोहे बंद. गुरगुट्या भात मेतकूट-तूप घालून, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, सैलसर शिरा असं एकजीव द्यावं. माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, चहाचा चमचा अर्धा भरून. घशाची हालचाल दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. अर्धा-पाऊण तास लागतो. नंतर गालात घास अडकलाय का ते बघावं आणि अर्धा तास आडवं करू नये. जेवणानंतर आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला झाला किंवा वरचेवर ताप यायला लागला, तर अन्न श्वासनलिकेत जात असावं.

मग रुग्णालयात अन्न देण्यासाठी नाकातून नळी घालण्याचा प्रश्न येतो, आणि घर दुभंगतं. पक्षाघातानंतर काही दिवस नळी लागणं वेगळं. डिमेन्शियाच्या अखेरच्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढत नाही, अन्न फुप्फुसात जाणं थांबत नाही, शिवाय रुग्ण ती ओढतो म्हणून हात बांधावे लागतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने (वृद्धांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने) २०१४ मध्येच अशा रुग्णांना नळीऐवजी हाताने सावकाश भरवण्याची शिफारस केली आहे. ‘उपाशी मारलं’ हे नातेवाइकांचं वाक्य बायकोच्या जिव्हारी लागतं. शरीर थांबत आलेलं असताना भूकही मावळते, हे तिला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. दोन-तीन चमचे घेतले तर तेवढेच, आणि कापसाच्या बोळ्याने ओठ ओले ठेवायचे. खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल डाग दाबूनही पांढरा पडत नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात.

हे निर्णय ज्याचे त्याने आधी सांगून ठेवले तर जोडीदारावरचं ओझं फार हलकं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ला त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करायची, आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं लिहायची, एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि एक फॅमिली डॉक्टरांकडे द्यायची. अट तीच, समज शाबूत असताना. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठातील न्या. महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. आपल्याकडे अनेक महापालिकांच्या खिडकीवर आजही हे कशाबद्दल आहे, तेच आधी समजावून सांगावं लागतं.

जोडीदाराच्या दुःखाला आपल्या समाजात जागाच नाही. माणूस गेलं की दहावं-तेरावं होतं, लोक येऊन बसतात, डबे येतात. इथे माणूस समोर आहे आणि रोज थोडं जातंय, तर भेटायला येणारेही दोन वर्षांत कमी होतात. नवरा अंथरुणावर म्हणून बाई हळदीकुंकवाला जायचं सोडते; गेलीच तर ‘त्यांना सोडून आलात?’ असं कुणीतरी विचारतंच. तिला कधी राग येतो, कधी ‘सुटावेत आता’ असं वाटतं आणि त्याची भयंकर लाज वाटते. हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येऊन जातो, एवढंच कळलं तरी तिला रडता येतं. नातेवाइकांना काही करायचंच असेल तर आठवड्यातून एक दुपार चार ते सात घरी येऊन बसावं, फळांची पिशवी नाही आणली तरी चालेल, आणि तिला बाहेर पाठवावं.

आपल्याकडे मागणी एवढीच: पुढच्या सप्टेंबरात पुरवणी काढाल तेव्हा बदाम-अक्रोडाच्या चौकटीशेजारी ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ हे दोन क्रमांक ठळक छापा, वैद्यकीय इच्छापत्राचा मराठी नमुना द्या, आणि आपल्या वाचकांच्या शहरांत इच्छापत्रं स्वीकारणारे अधिकारी नेमके कोणत्या कार्यालयात बसतात, त्याची यादी प्रशासनाकडून मिळवून प्रसिद्ध करा.

आपल्या,
डिमेन्शिया रुग्णांच्या घरी काम करणाऱ्या काही परिचारिका व समुपदेशक, पुणे